काउंटी कोर्टाची नक्कल: ऑनलाइन की खिडकीवर?

अमेरिकेत कोर्टाचा कागद हवा असेल, तर आधी काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग, पक्की करा. खटला जिथे चालला, फाइल तिथल्याच कोर्टाच्या क्लार्ककडे, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे. (पेसर या सरकारी वेबसाइटवर शोधत बसू नका, तिथे फक्त फेडरल, म्हणजे केंद्राची कोर्टं.) कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घ्या: 58 काउंट्या आणि तितकीच सुपीरियर कोर्टं (काउंटीची खटले चालवणारी कोर्टं), प्रत्येकाची वेबसाइट वेगळी.

ऑनलाइन नावावरून केस नंबर सापडला की अर्धं काम झालं. दिवाणी दाव्यांचे कागदही बऱ्याच ठिकाणी घरबसल्या उघडतात. गोची होते ती कौटुंबिक आणि फौजदारी प्रकरणांत. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार अशा प्रकरणांत लोकांना घरून नोंदींची यादी दिसू शकते, मूळ कागद नाही. तो बघायला कोर्टातच जायचं.

खिडकीवर वेळ जातो, पण शिक्का मिळतो. कॅलिफोर्नियात साधी प्रत पानामागे 50 सेंट. प्रमाणित हवी तर त्यावर 40 डॉलर, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला मात्र 15. नंबर न घेता गेलात आणि क्लार्कला शोधायला 10 मिनिटांहून जास्त लागली, तर शोधाचेही 15 डॉलर. म्हणजे आळसाचा दंडच!

नुसती उत्सुकता असेल तर ऑनलाइन भागतं. पण नागरिकत्वाच्या अर्जाला जुन्या अटकेच्या प्रकरणाचा निकाल जोडायचा असेल, तर स्क्रीनवरचा प्रिंटआउट चालत नाही. नंबर घरून काढा, चिठ्ठीवर लिहा आणि खिडकी गाठा. लांब राहत असाल तर टपालाने मागवा.