सोई फ्रा पिनितमधले सागवानी घर: कुक्रित प्रामोज यांच्या निवासस्थानाला भेट

बँकॉकच्या साथोर्न भागात, चोंग नोन्सी स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, सोई फ्रा पिनित नावाची एक शांत गल्ली आहे. थायलंडचे तेरावे पंतप्रधान मोम राजवंश कुक्रित प्रामोज यांचे राहते घर याच गल्लीत असून ते आता संग्रहालय म्हणून जपले आहे. मी ५० बाटांचे तिकीट काढून आत गेलो आणि तासाभरात निघण्याचा बेत सोडून जवळजवळ अर्धा दिवस तिथे राहिलो. थायलंडचे राजकारण समजून घ्यायची मनापासून इच्छा असलेल्या कोणालाही मी या शहरातल्या भव्य राजवाड्यानंतर हेच ठिकाण सुचवीन.

आवारात मध्य थायलंडच्या जुन्या शैलीची पाच सागवानी घरे आहेत. कुक्रित यांनी ती वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवली, सुटी करून इथे आणली आणि पुन्हा उभारली. थाई घराच्या भिंती चौकटी-चौकटींनी बनवलेल्या असतात आणि सांधे लाकडी खुंट्यांनी व पाचरींनी जुळवलेले असतात, त्यामुळे घर उतरवून दुसरीकडे नेणे तिथे नवलाचे नाही. नवल आहे ते निवडीचे. निरनिराळ्या हातांनी घडवलेली ही घरे खांबांवर उचललेल्या फलाटामुळे एकाच कुटुंबाची वाटतात. आतमध्ये बुद्धमूर्ती, जुनी चिनी मातीची भांडी आणि खोन या मुखवटा-नृत्यनाट्याचे मुखवटे आहेत. बाहेर थाई पद्धतीने वळण देऊन वाढवलेली छोटी झाडे आहेत.

हे घर पाहताना मला सतत १९७५ सालची थाई संसद आठवत होती. त्या वर्षी जानेवारीत झालेल्या निवडणुकीत २६९ जागांपैकी कुक्रित यांच्या सामाजिक कृती पक्षाला अवघ्या १८ मिळाल्या होत्या. त्यांचे थोरले बंधू सेनी प्रामोज यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावावर पडले आणि मार्चमध्ये कुक्रित यांनी छोट्यामोठ्या अनेक पक्षांची मोट बांधून सरकार स्थापन केले. ते जेमतेम तेरा महिने टिकले, पण या तेरा महिन्यांत त्यांनी जे केले ते कित्येक बहुमताच्या सरकारांनाही जमलेले नाही. एप्रिलअखेरीस दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली, मे महिन्यात कंबोडियाने पकडलेले मायागेझ हे आपले मालवाहू जहाज सोडवण्यासाठी अमेरिकेने थाई सरकारला न विचारता थायलंडमधला उ-तापाओचा हवाई तळ वापरला आणि कुक्रित यांनी त्याचा स्पष्ट निषेध केला. १ जुलै १९७५ रोजी बीजिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासमवेत करारावर सही करून त्यांनी चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. त्याच दौऱ्यात ते माओंनाही भेटले. अमेरिकी सैन्याने थायलंडमधून माघार घ्यावी हा आग्रहही त्यांनी सोडला नाही. देशात त्यांनी तांबोन परिषदांना, म्हणजे गावसमूहांच्या परिषदांना, थेट निधी दिला, जेणेकरून शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत ग्रामीण माणसाला गावातच मजुरी मिळावी. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले हेच सर्वांत मोलाचे काम होय, आणि परदेशी पाहुण्यांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत तेच सर्वांत कमी येते.

याचा अनुभव मला आदल्याच दिवशी आला होता. एका सहल कंपनीच्या वाटाड्याने कुक्रित यांची ओळख दोन वाक्यांत उरकली: ते राजघराण्यातले होते आणि १९६३ च्या एका हॉलीवूडपटात मार्लन ब्रँडोसोबत त्यांनी एका काल्पनिक देशाच्या पंतप्रधानाची भूमिका केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पडद्यावरचे पद बारा वर्षांनी प्रत्यक्षात मिळाले हा योगायोगही विलक्षण आहे. पण एवढ्यावर भागवणे म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे. त्यामुळे सहलीतल्या धावत्या फेरीत इथे येऊ नये, स्वतंत्र यावे.

राजघराण्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ‘राजवंश’ हा शब्द वाचून आपल्याकडे गैरसमज होऊ शकतो. सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, राजवंशाची पदवी पिढीगणिक उतरत जाते: राजपुत्रांची मुले मोम चाओ, त्यांची मुले मोम राजवंश, त्यांची मुले मोम लुआंग आणि त्यानंतर पदवी संपते. कुक्रित हे सयामचे राजे दुसरे राम यांचे पणतू. म्हणजे मान होता, परंतु गादीशी संबंध नव्हता. २० एप्रिल १९११ रोजी सिंगबुरी प्रांतात त्यांचा जन्म झाला, ऑक्सफर्डमध्ये शिक्षण झाले, आणि १९५० साली त्यांनी ‘सयाम रट’ म्हणजे ‘सयाम राष्ट्र’ हे दैनिक काढले. ‘प्रामोज’ हे आडनाव पाहून मराठी वाचकाला ‘प्रमोद’ आठवेल आणि ते योग्यच आहे, कारण मूळ शब्द संस्कृतातला ‘प्रामोद्य’ आहे; ‘कुक्रित’मधला ‘रित’ म्हणजे आपली ‘ऋद्धि’.

खोनच्या मुखवट्यांपुढे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. खोनमध्ये रामकथा सादर होते आणि दुसरे राम यांनी स्वतः रंगभूमीसाठी रामकथा रचली होती. त्यांच्या पणतूने थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांचे खोन पथक उभे केले आणि स्वतःही त्यात नृत्य केले. दशमुखाचा हिरवा मुखवटा ओळखायला मराठी माणसाला माहितीफलकाची गरज पडत नाही, आणि परक्या देशात असे काही ओळखीचे समोर आले की पाऊल आपोआप थबकते.

याच घराने वाईट दिवसही पाहिला आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये सरकारवर चिडलेल्या पोलिसांचा जमाव पंतप्रधानांच्या या निवासस्थानात घुसला आणि त्याने मोडतोड केली. फलाटावर उभे राहून आजची शांतता अनुभवताना ते खरे वाटत नाही. म्हणूनच ती घटना आधी वाचून येणे मला आवश्यक वाटते. एप्रिल १९७६ च्या निवडणुकीत कुक्रित दुसित मतदारसंघात समक सुंदरवेज यांच्याकडून हरले आणि पंतप्रधानपद पुन्हा सेनींकडे गेले. कुक्रित यांची लेखणी मात्र पुढेही चालूच राहिली. १९८५ साली त्यांना साहित्यासाठी राष्ट्रीय कलाकार हा सन्मान मिळाला आणि ९ ऑक्टोबर १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. जिने लाकडी आहेत आणि फलाट उंचावर आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सोबत कोणाला तरी घ्यावे. खोल्यांमध्ये जाताना पादत्राणे काढावीत, आणि थाई घराचे उंबरठे उंच असतात, त्यांच्यावर पाय देणे अनुचित मानतात, म्हणून ते ओलांडूनच आत जावे.