नैराश्याच्या गोळीने लैंगिक इच्छा मावळली: वाट पाहावी, डोस उतरवावा, गोळी बदलावी की जोड द्यावी?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही सगळी एकाच घरातली, ‘एसएसआरआय’ गटातली नैराश्याची औषधं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवताना ती इच्छा मंदावतात, वीर्यपतन लांबवतात आणि बायकांना उत्कर्षबिंदूपर्यंत पोचू देत नाहीत. (याच घरातलं डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावर मुद्दाम दिलं जातं, ते याच गुणामुळे.) या त्रासात पॅरॉक्सेटिन सगळ्यांत वाईट.

आधी गुन्हेगार नक्की करा

इच्छा जाणं हे नैराश्याचंही लक्षण आहे. त्यामुळे पहिला प्रश्न तारखेचा: गोळी सुरू होण्याआधी स्थिती काय होती? आजार सावरला, झोप-भूक परतली, पण शरीर मात्र साथ देत नाही, असं असेल तर संशय गोळीवर.

दुसरा संशयित बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: ॲसिडिटीची कॅप्सूल. पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या नावामागे ‘डीएसआर’ असेल तर सोबत डॉम्पेरिडोन असतं, ‘एलएसआर’ असेल तर लेव्होसल्पिराइड. पट्टी उलटी करून बारीक अक्षरातला घटकांचा मजकूर वाचा. ही दोन्ही औषधं डोपामिन या रसायनाची वाट अडवतात, त्यामुळे प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन चढतं, आणि प्रोलॅक्टिन चढलं की मेंदूकडून अंडाशयाला-वृषणांना जाणारा निरोप क्षीण होतो. पाळी लांबते किंवा थांबते, बाळ नसताना स्तनातून दूध येतं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं. रिस्पेरिडोन आणि ॲमिसल्प्राइड ही मनोविकाराची औषधंही हेच करतात.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी तपासणीवर करा. प्रोलॅक्टिनसाठी सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, थोडं शांत बसून रक्त द्या. धावतपळत येऊन सुई टोचून घेतली तरी आकडा वाढतो. साधारणपणे बायकांत २५ आणि पुरुषांत २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत ठीक मानतात, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी १० च्या आत, वेगवेगळ्या दोन दिवशी. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं आणि कारण ॲसिडिटीची जोडकॅप्सूल असेल, तर डॉक्टरांना विचारून नुसत्या पँटोप्राझोलवर या. तीनेक दिवसांनी पुन्हा तपासलं की आकडा उतरताना दिसतो. पाळी रुळावर यायला मात्र आठवडे लागतात. मनोविकाराचं औषध असं परस्पर थांबवायचं नाही, ते डॉक्टरच बदलतील. आकडा २०० च्या पुढे असेल किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधुक असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या, प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय टाळू नये.

वाट पाहणं विरुद्ध डोस उतरवणं

वाट पाहण्याला खर्च शून्य, पण फळ थोड्यांनाच मिळतं, तेही काही महिन्यांनी. गोळी सुरू होऊन सहा आठवडेच झाले असतील तर थांबण्यात अर्थ आहे. वर्ष झालं असेल तर नाही.

डोस उतरवणं त्यापेक्षा बरं, पण उतरायला जागा असेल तरच. एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅमवर असेल तर १५, मग १०, प्रत्येक पायरीवर तीन-चार आठवडे. चूक कुठे होते? दोन दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचे झटके, चिडचिड सुरू झाली की माणूस म्हणतो ‘आजार परत आला’. तो आजार नाही, गोळी सुटल्याची प्रतिक्रिया. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी. शनिवार-रविवार गोळी बुडवण्याची युक्ती फ्लुओक्सेटिनवर चालतच नाही, कारण ते शरीरात आठवडे रेंगाळतं; पॅरॉक्सेटिनवर ती झटक्यांना आमंत्रण देते.

बदलणं विरुद्ध जोड देणं

खरी निवड इथे आहे. ब्युप्रोपियॉन हे नैराश्याचंच, पण वेगळ्या घरातलं औषध सेरोटोनिनला हात लावत नाही, म्हणून इच्छा टिकते. सकाळी १५० मिलिग्रॅमपासून सुरुवात. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. आळस, मरगळ असलेल्या नैराश्यात ते छान चालतं. पण घाबरेपणाचे झटके किंवा मंत्रचळ यांच्यावर ते एसएसआरआयची जागा घेत नाही. फिट्स येत असतील, खाण्याचा विकार असेल, किंवा भरपूर दारू अचानक सोडली असेल तर ते अजिबात नको. बदलायला आणखी दोन औषधं आहेत. मिर्टाझापिन रात्री घेतात, झोप लावतं, वजनही वाढवतं. व्होर्टिऑक्सेटिनचा त्रास कमी डोसात कमी, मळमळ मात्र होते.

एसएसआरआयने आयुष्य सावरलं असेल तर ते मोडू नका, जोड द्या. इच्छा आणि उत्कर्षबिंदू दोन्ही अडले असतील तर ब्युप्रोपियॉनची जोड. अडचण फक्त ताठरपणाची असेल तर सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम, तासभर आधी, पोट हलकं ठेवून; मटण-पुरीवर घेतलं तर उशिरा चढतं आणि लोक ‘काम करत नाही’ म्हणून दुसरी गोळी गिळतात. इच्छा ते वाढवत नाही. छातीदुखीसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ते घेऊच नये, रक्तदाब धोकादायक इतका कोसळतो. बाजारातल्या काही ‘आयुर्वेदिक’ शक्तिवर्धक कॅप्सुलांत याच औषधाची भेसळ सापडलेली आहे, म्हणजे ती जोखीम तिथेही आहेच.

जोड द्या की बदला, एका वेळी एकच फेरफार, आणि चार आठवडे द्या. दोन एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. दोन तपासण्यांत आकडा खरोखर कमी नसेल तर त्याने उपयोग नाही, आणि मूल हवं असणाऱ्या पुरुषात ते शुक्राणूंची निर्मितीच थांबवतं.

गोळी पूर्ण थांबवूनही त्रास राहू शकतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितलं. असं झालं तर ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय संपवणाऱ्या डॉक्टरांकडून उठा आणि वरच्या तपासण्यांचे कागद घेऊन दुसरीकडे जा.