घरच्या शेडमध्ये गाडीची हत्यारं : अकरा महिने वापरून झाल्यावर

आमचं घर रत्नागिरीत, गाडी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट, वॉरंटी कधीच संपलेली. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात पाऊस गेल्या गेल्या ठरवलं की ऑईल, फिल्टर, चाकं, बॅटरी, प्लग एवढं तरी आपणच करायचं. आता एक पूर्ण पावसाळा काढून झालाय म्हणून लिहितोय, कारण कोकणात हत्यार किती चांगलं ते ऑक्टोबरात कळत नाही, ऑगस्टमध्ये कळतं.

पहिली चूक अर्थातच 108 पीसचा तो पान्यांचा मोठा सेट. ऑनलाईन घेतला, कंपनीचं नाव नको. 108 पीस म्हणजे त्यात निम्म्या तर स्क्रूड्रायव्हरच्या बिट्स, आणि बऱ्याच गोट्या (म्हणजे नटावर बसणारे सॉकेट) इंचाच्या, ज्या माझ्या गाडीला कुठेच लागत नाहीत. अकरा महिन्यांत मी वापरल्या 10, 12, 14, 17, 19 मिमीची गोटी, प्लगची गोटी आणि दोन एक्स्टेन्शन, बस. चौथ्या महिन्यात रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा) घसरायला लागलं आणि जुलैत पेटी उघडली तर आतल्या फोमने ओल धरून सगळ्या गोट्यांवर तांबूस ठिपके. फोम फेकून दिला, आता गोट्या मशीन ऑईलच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात असतात (डबा आईच्या चकल्यांचा होता, त्यावर अजून ऐकून घेतो).

नंतर लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा उद्यमनगरात जाऊन टपारिया कंपनीचे रिंग पाने आणि एक पक्कड सुटी सुटी घेतली. त्यांना फक्त तेलाचं बोट फिरवतो, पावसाळ्यात काही झालं नाही.

जॅकचं जरा सविस्तर सांगतो. गाडीबरोबर येणारा कैचीवाला जॅक रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरताच. बाटली जॅक स्वस्त पडतो पण मुळातच उंच, टायर बसलेला असेल तर गाडीखाली जातच नाही. मी दोन टनाचा ट्रॉली जॅक घेतला आणि घरी आणल्यावर लक्षात आलं की आमच्या शेडमध्ये खाली जांभ्याची फरशी, तिच्यावर तो सरकतच नाही, आणि गाडी उचलताना जॅक थोडा पुढे सरकायलाच हवा नाहीतर सगळं तिरकं होतं. मग गवंडी बोलावून दोन चाकांएवढा कोबा करून घेतला, जॅकपेक्षा कोबा महाग. दाराखालच्या पट्टीच्या (सिलच्या) कडेला जिथे खाचा असतात तिथेच उचलायचं, मध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवतो म्हणजे पत्रा चेपत नाही.

आणि स्टँड. जॅक नुसता उचलायला, खाली हात घालायचा तर गाडी स्टँडवरच हवी. एकदा पुढची बाजू जॅकवरच ठेवून (स्टँड शेजारीच पडलेले, आळस!) चहाला आत गेलो, परत येऊन बघतो तर चाक दोन बोटं खाली आलेलं, जॅकचं सील हळूहळू सोडत होतं. मी खाली नव्हतो म्हणून हे आरामात टाईप करतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सगळ्यात वसूल झालेली वस्तू म्हणजे टॉर्क रेंच, अर्धा इंची, क्लिकवाला (ठरवलेला जोर लागला की क्लिक वाजवणारा पाना). पहिल्या ऑईलच्या वेळी हा नव्हता, गळेल गळेल या भीतीने ड्रेन बोल्ट (जिथून जुनं ऑईल सोडतात तो) अंगाचा जोर लावून आवळला, पुढच्या वेळी काढला तर बोल्टाचे आटेच सोलून आले, नशीब ऑईलच्या चेंबरचे आटे वाचले, नवीन बोल्टावर भागलं. बोल्टाचा वॉशर आता दर वेळी नवीन घालतो. चाकाच्या नटांना माझ्या मॅन्युअलात 85 न्यूटन मीटर दिलंय, तुमच्या गाडीचं तुम्ही बघा. टायरवाला गनने आवळतो ते कितीतरी जास्त असतं, पहिल्यांदा सोडवताना पाईप लावून उभा राहिलो होतो त्या पान्यावर. काम झालं की रेंच त्याच्यावरच्या सगळ्यात कमी आकड्यावर सैल करून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते आणि आकडा खोटा दाखवायला लागतो. ऑईल फिल्टरला मात्र रेंच नाही, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पुरे.

बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप दर रविवारी लागतो, आवाज भयंकर, सकाळी सातला लावला की शेजारचे काका गॅलरीत येतात. मल्टीमीटर साधाच, पण बॅटरी गेली की अल्टरनेटर (तिला चार्ज करणारा) हे भांडण तोच मिटवतो: रात्रभर उभ्या गाडीला साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं की निवांत. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) एकदाच लागला, आणि लावून विसरलो तर तोच बॅटरी खात बसला, त्यामुळे काम झालं की काढा.

जळकं ऑईल कुठे टाकायचं हे मी आधी विचारातच घेतलं नव्हतं. गटारात किंवा माडाच्या बुंध्यात ओतू नका प्लीज, आमच्याकडे विहीर वीस पावलांवर. पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवून नाक्यावरच्या गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये देतो. तो हसतो, म्हणतो सर्व्हिसिंग तुम्ही करायचं आणि घाण आम्ही घ्यायची काय.

खर्च धरला तर कोबा सोडून साडेतेरा हजार गेले, त्यातले तीन त्या 108 पीसचे. ब्रेकला हात लावलेला नाही, ते गॅरेजलाच. 14-15 चा रिंग पाना शेजारच्या काकांनी मे महिन्यात त्यांच्या पंपासाठी नेलाय, तो अजून यायचाय.