औंधचं श्री भवानी संग्रहालय : देवीच्या वाटेवरची चित्रं

सातारा जिल्ह्यातल्या औंधची यमाई आमचं कुलदैवत. त्यामुळं खास चित्रं बघायला म्हणून मी या संग्रहालयात कधी गेलोच नाही. डोंगरावर मूळपीठाचं दर्शन घ्यायचं आणि उतरताना वाटेत तिकडं वळायचं, हा घरचा रिवाज. गेल्या रविवारी कराडहून आईला घेऊन गेलो. गुडघे दुखत होते, तरी "चित्रं बघूनच जायचं" हा हट्ट तिचाच.

राजा रविवर्म्यांच्या 'सैरंध्री'समोर ती थांबली. कपाळावर देवीचा मळवट तसाच. मी पाटी वाचायच्या आत म्हणाली, "द्रौपदी हाय ही. कीचकाकडं धाडलीया." मग बराच वेळ गप्प. शेवटी हळूच, "राणीला सगळं ठावं हुतं की रं. तरी पाठवलीच." चित्रांवरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत, पण त्या चित्रातली भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

औंध संस्थान ७२ गावांचं, म्हणजे तसं चिमुकलंच. पण राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी हौसेनं जमवलेला हा ठेवा १९३८ साली इथं डोंगरावर मांडला. राजवाड्यात ठेवला असता तर माझ्या आजीला आत कोण सोडणार होतं? इथं मात्र नारळ-फुलांची पिशवी हातात घेऊन माणसं धुरंधरांच्या आणि बाबूराव पेंटरांच्या चित्रांपुढं उभी राहतात, चित्रातल्या गोष्टीवरून आपसांत वादही घालतात. मोठ्या शहरातल्या दालनात एवढं मोकळं बोलायला माणूस बिचकतो.

हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प चुकवू नका. शाळेच्या सहलीत आम्ही त्याला 'अर्धी राहिलेली मूर्ती' म्हणून हसलो होतो. आता त्याच्यापुढून पाय निघत नाही. नाक-डोळे नीट कोरलेले नसताना मायेचा भार दगडात कसा उतरला असेल, हे कोडं काही सुटत नाही. पहाडी शैलीतली लघुचित्रं बघायला चष्मा लागतो. माझा गाडीतच राहिला, त्यामुळं त्यांच्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

युरोपातल्या नामांकित कलाकृतींच्या नकलांपाशी मी रेंगाळत नाही. त्या काळी आमच्या मुलखातल्या पोरांना मूळ कलाकृती दिसणार कुठून, म्हणून त्या मोलाच्या असतील. आज अस्सल माल शेजारी असताना वेळ तिकडंच द्यावा. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा त्या नकलांचा कापला.

दोन तास तरी हाताशी ठेवा. आधी वर दर्शन, मग चित्रं. उलटं केलंत तर डोंगर चढायचा राहतो. पौषातल्या यात्रेत निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. पुसेसावळी येईपर्यंत आई कीचकालाच शिव्या घालत होती.