९०च्या वेगाला थरथरणारी एसयूव्ही: जुन्या गाडीचा वापरानंतरचा अनुभव

चारही टायर बदलले की थरथर जाईल, असे सांगून सेवा केंद्राने माझ्या हातात ४८ हजार रुपयांचे अंदाजपत्रक ठेवले, तेव्हा त्या टायरांवर अजून ५ मिलिमीटर खाच शिल्लक होती. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर खाच असते आणि कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर वापरता येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य उरलेला माल भंगारात काढा, असाच तो सल्ला होता. मी तो मानला नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत या गाडीविषयीचे माझे मत दोनदा बदलले आणि टायर मात्र तेच राहिले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

गाडीची मूलभूत माहिती अशी: सात आसनी, डिझेल, शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर (लॅडर चॅसी) बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी, २३५/६५ आर १७ मापाचे टायर. मी ती वापरलेली घेतली. घर मालवणात असल्यामुळे नेहमीचा रस्ता म्हणजे मालवणहून कसालला यायचे आणि तिथे मुंबई–गोवा महामार्गाला लागायचे. एसी, बैठक, घाट चढतानाची ताकद यांबद्दल तक्रार नाही आणि त्यावर जास्त लिहिण्याची गरजही वाटत नाही. मालवण–कसाल रस्त्यावर किंवा फोंडा घाटात ९०चा वेग येतच नाही, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मी ही गाडी भेटेल त्याला निःशंकपणे सुचवत होतो. पावसाळ्याआधी सेवा केंद्रात क्लच प्लेट बदलून घेतली. पावसात लांबचा प्रवास झाला नाही. पाऊस सरल्यावर कणकवली ओलांडून खारेपाटणच्या दिशेने निघालो आणि काटा ८५च्या पुढे सरकताच स्टिअरिंग हातात थरथरू लागले. ९० ते ९५ला ती थरथर इतकी वाढे की घड्याळाचा पट्टा मनगटावर नाचे. १०५च्या पुढे ती जवळजवळ नाहीशी होई.

सेवा केंद्रातील सल्लागाराचे पहिले उत्तर होते, “काका, रस्ताच तसा आहे.” खारेपाटण ते झाराप हा पट्टा काँक्रीटचा आहे हे खरे आणि काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना गाडीला ठोके बसतात हेही खरे. परंतु हे उत्तर आकडेमोडीत टिकत नाही. अशा रस्त्याचे आडवे सांधे साधारणपणे साडेचार मीटरवर असतात. ९०च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे सांध्यांचे ठोके सेकंदाला पाच-सहा बसतील. माझ्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याच वेगाला चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते. मोबाइलमध्ये कंपने मोजणारे मोफत अ‍ॅप घेतले, फोन सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट बांधला आणि शेजारी बसलेल्या मुलाला आकडा वाचायला सांगितला. आलेख ११ वर उभा होता. शिवाय डांबरी पट्ट्यावरही तीच थरथर होती. दोष रस्त्यात नव्हता, चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता.

इंजिनाचा संशय फिटण्यासाठी एवढेच पुरते: रस्ता मोकळा असताना त्याच वेगाला एकदा पाचव्या आणि एकदा सहाव्या गिअरमध्ये चालवून पाहावे. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर त्याच वेगाला राहिली, तर इंजिन निर्दोष. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर ब्रेकच्या डिस्ककडे पाहावे. माझ्या गाडीत ब्रेकने काही फरक पडत नव्हता. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की टायर खालून किंचित चपटे होतात आणि सुरुवातीचे काही किलोमीटर हादरतात, पण ते गरम झाल्यावर थांबते. इथे तसे होत नव्हते.

पुढची पायरी चाकांच्या अदलाबदलीची. पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो आणि मागच्या चाकाचा दोष सीटमध्ये व जमिनीत. पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावल्यावर थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली असती, तर टायर किंवा रिम दोषी ठरली असती. थरथर जागची हलली नाही. पूर्वी मागे असलेली, निर्दोष वाटणारी चाके पुढे आली आणि तीही थरथरू लागली. या एका निरीक्षणानंतर टायर बदलण्याचा विषय संपायला हवा होता. ४८ हजारांचे अंदाजपत्रक मला हे सगळे सांगून झाल्यानंतर मिळाले, आणि या अनुभवात मला सर्वाधिक चीड कशाची आली असेल तर ती याची.

त्याआधी त्यांनी व्हील अलाइनमेंट केले होते, आणि ते दोन वेळा. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते चुकले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात; ठरावीक वेगाला सुरू होऊन ठरावीक वेगाला थांबणारी थरथर त्यातून येत नाही. माझी गाडी कुठेही ओढत नव्हती आणि टायर सारखे झिजलेले होते. तरी बिलावर अलाइनमेंट लागले, कारण थरथरीची तक्रार आली की बॅलन्सिंग (मशीनवर फिरवून, रिमला वजने चिकटवून चाकाचा तोल साधणे) आणि अलाइनमेंट एकत्र लावण्याची तिथे रीतच आहे.

बॅलन्सिंगचे मशीन प्रत्येक वेळी शून्य दाखवत होते. त्या शून्यावर माझाही विश्वास होता, कारण रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला तांबडा चिखल मी स्वतः खरवडून धुतला होता. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ही पहिली तपासणी करावी. मातीचा मूठभर थर चाकाचा तोल बिघडवायला पुरेसा असतो आणि चिकटवलेली वजनेही सततच्या ओलीने सुटून पडतात. चिखल गेला, वजने नवी लागली, मशीनवर शून्य आले आणि महामार्गावर थरथर तशीच.

उत्तर कुडाळच्या एका टायर दुकानातील मिस्त्रींकडे मिळाले. त्यांनी नट काढले, पण चाक निघेना. टाचेने दोन्ही बाजूंनी ठोकल्यावर ते सुटले. सेवा केंद्रातही चाक असेच ठोकून काढलेले मी पाहिले होते. तिथे कोणी चाकाच्या मागे डोकावले नव्हते, यांनी डोकावले. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळले जाते त्या फिरत्या भागाच्या, सपाट तोंडावर गंजाचे नारिंगी पापुद्रे उठले होते, नखाने निघतील असे. मधल्या गोल कंगोऱ्यावर, ज्यावर रिमचे मधले भोक बसते, गंजाची उंचसखल कड तयार झाली होती. अलॉय रिमच्या पाठीवर पांढरी भुकटी होती आणि घासून चकाकलेला पट्टा पूर्ण वर्तुळाचा नव्हता, अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन संपत होता. चाक हबला एका बाजूनेच टेकत होते. मिस्त्री म्हणाले, “काकानू, चाक बरा आसा. चाक बसता ती जागा वायट आसा.”

या वाक्यात मशीनच्या शून्याचा उलगडा आहे. मशीन चाकाला स्वतःच्या शंकूवर, अगदी मध्यावर पकडते आणि तिथे ते चाक खरोखरच समतोल असते. गाडीवर मात्र चाकाला हबवर बसायचे असते. रिम आणि टायर मिळून चाकाचे वजन सुमारे २८ किलो धरा. गंजामुळे ते मध्यापासून केवळ ०.३ मिलिमीटर सरकले, तर त्याचा परिणाम रिमच्या कडेला ४० ग्रॅमच्या आसपास वजन चिकटवल्यासारखा होतो. ९०च्या वेगाला ते ४० ग्रॅम सुमारे ४ किलो वजनाच्या जोराने चाकाला ओढतात, आणि तेही सेकंदाला ११ वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ४५च्या वेगाला तो पाव असतो आणि गावातल्या रस्त्यावर त्याचा पत्ता लागत नाही. १०५च्या पुढे थरथर का कमी होते, तेही यातच आले: चाक, एक्सल आणि त्यांना धरणाऱ्या स्प्रिंगांची स्वतःची हलण्याची लय साधारण १० ते १५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांच्या, दरम्यान असते; चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर फुगते आणि पुढे गेले की ओसरते. तिरकेपणाचा हिशोबही असाच आहे. हबचे तोंड सुमारे १५० मिलिमीटर रुंद आणि टायर सुमारे ७३५ मिलिमीटर उंच, हबवरचा ०.३ मिलिमीटरचा पापुद्रा टायरच्या कडेला दीड मिलिमीटरची डुलकी देतो.

समुद्रकाठच्या आपल्या गाड्यांना हे विशेष लागू आहे. हवेतले मीठ ओल धरून ठेवते, हब लोखंडाचा आणि रिम अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की गंज झपाट्याने वाढतो. मालवण, वेंगुर्ला, देवगड येथे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची चाके वर्षानुवर्षे कोणी काढतही नाही.

दुरुस्ती अगदी साधी होती. मिस्त्रींनी वायर ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने हबचे तोंड, मधला कंगोरा आणि रिमची पाठ धातू चकाकेपर्यंत घासली. ब्रेकची डिस्कही हबवरच बसते, म्हणून तीही काढून तिच्या मागची जागा साफ केली. तिथला गंज राहिला असता तर डिस्क डुलत राहून पुढे ब्रेकचा पायडल हातोडीसारखा ठोके देऊ लागला असता. कंगोऱ्यावर तापमान सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला; स्टडच्या आट्यांना ग्रीस लावू दिले नाही, कारण त्यामुळे नट ठरल्यापेक्षा जास्त आवळले जातात. नट हवेच्या बंदुकीने न आवळता हाताने, समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळले. अशा गाड्यांचा आकडा बहुधा १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला पाहावा. चारही चाकांचे मिळून ९०० रुपये झाले.

झारापपर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंग शांत होते. या टप्प्यावर मी घरी सर्वांना सांगितले की गाडीत काही दोष नव्हता आणि ही गाडी दहा वर्षे ठेवायची.

ते मत पुढच्या मोठ्या प्रवासात पुन्हा बदलावे लागले. मोठी थरथर गेल्यावर तिच्याखाली झाकलेली दुसरी पुढे आली: ९५ ते ११०च्या दरम्यान पायाखालच्या पत्र्यात आणि गिअरच्या दांड्यात बारीक, घुमणारी कंपने, कानाला दडा बसल्यासारखी. स्टिअरिंग मात्र स्थिर. गिअर बदलूनही ती जात नव्हती, म्हणजे इंजिन नव्हे. अ‍ॅपमध्ये १०० च्या वेगाला आलेख ४८ च्या जवळ दिसला. त्या वेगाला चाक सेकंदाला १२ फेरे घेते आणि माझ्या गाडीच्या डिफरन्शिअलचे (मागच्या एक्सलवरच्या दातेरी चक्रांच्या पेटीचे) प्रमाण चारास एकच्या जवळपास आहे. चाकाच्या चौपट वेगाने फिरणारी वस्तू म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सची फिरकी मागच्या एक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा. शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसच्या (कोनात वळू देणाऱ्या) सांध्याचा दोष असता तर बहुधा शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन ठोके दिसले असते. इथे एकच होता, म्हणजे शाफ्टचा तोल गेला होता.

क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट सोडावा लागतो. सोडण्यापूर्वी शाफ्टच्या आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर (बोल्टने जोडल्या जाणाऱ्या चकत्यांवर) खूण करून, जोडताना ती खूण जुळवायची असते, नाहीतर शाफ्टचा तोल बिघडू शकतो. माझ्या गाडीवर खडूची, रंगाची किंवा पंचची कसलीही खूण नव्हती. त्याच मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, क्रॉसमध्ये खेळ नाही आणि शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले नाही याची खात्री केली, मागच्या फ्लँजचे चार बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फेरा फिरवला आणि तेच बोल्ट पुन्हा आवळले. सुटा भाग एकही बदलला नाही. घुमणारे कंपन इतके कमी झाले की आता ते जाणूनबुजून शोधावे लागते. यावेळी मात्र दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करून घेतली.

आजचे मत असे आहे. गाडी चांगली आहे आणि जुनी घेणाऱ्याने निर्धास्त घ्यावी, मात्र सौदा करण्यापूर्वी ती ९० ते ११०च्या दरम्यान सलग चालवून पाहावी आणि पुढचे एक चाक उतरवून हब डोळ्यांनी पाहावा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर असलेले तारखेचे चार आकडेही वाचावेत; २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पावसाळ्यानंतर चाके काढून हब घासण्याचे काम मी आता दरवर्षीचे ठरवले आहे. सेवा केंद्राने शाफ्ट चुकीचा बसवल्याचे तोंडी मान्य केले आणि त्या कामाची मजुरी पुढच्या सर्व्हिसमध्ये वळती करून दिली. दोन वेळच्या अलाइनमेंटचे पैसे मात्र त्यांनी परत केलेले नाहीत; त्यासाठी दोन्ही बिले आणि चाकांच्या अदलाबदलीची नोंद जोडून लेखी तक्रार दिली आहे, आणि उत्तर आले की इथेच पुढे लिहीन.