१३.८ व्होल्टचा सप्लाय, सात महिने आणि एक लाल नट

आधीच सांगतो, हॅम रेडिओ (परवाना काढून करायचा हौशी रेडिओ) चालवणाऱ्या पॉवर सप्लायचा हा रिव्ह्यू दोन बैठकींत लिहिलाय. पहिला भाग २ जूनचा, डोकं तापलेलं असताना. दुसरा महिनाअखेरचा. पहिला खोडून टाकणार होतो, पण लिहिण्याचे कष्ट घेतलेत तर राहू दे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आपल्यातले बरेच जण तोच काळा डबा वापरतात: पुढे मीटर, मागे लाल-काळे टर्मिनल, ३० अँपियरचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा हलका सप्लाय. ओळखणारे ओळखतील.

२ जून

दिवाळीनंतर घेतला, ९,४०० रुपयांना. त्याआधी माझ्याकडे स्वतः बांधलेला लिनिअर होता, २एन३०५५ चे सहा ट्रान्झिस्टर आणि वीतभर उंचीचा हीटसिंक. वजन १४ किलो. त्याचं गणित सगळ्यांना पाठ आहे. आत २२ व्होल्ट यायचे, बाहेर १३.८ जायचे, मधल्या आठेक व्होल्टची २० अँपियरवर नुसती शेगडी. दीडशे वॅटच्या वर उष्णता, आणि ती अकोल्यात! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे घरात शेगडी कोण ठेवतो? बायकोने त्याला ‘तुमची चूल’ असं नाव दिलं होतं.

नवा डबा आला तेव्हा एका हाताने उचलला आणि खूश झालो. एसएमपीएस म्हणजे ४० मीटरच्या बँडवर खरखर, ही भीती होती. पण त्या बँडवर, सात मेगाहर्ट्झला, पंधरा मिनिटं कान लावून बसलो तरी अँटेना काढल्या-लावल्याखेरीज मीटरच्या पट्टीत फरक दिसेना. रेडिओ आयकॉम ७१८, सेकंडहँड. रिसीव्हला, म्हणजे ऐकताना, दीड अँपियरच्या आतबाहेर, पूर्ण ताकदीवर पाठवताना २०. म्हणजे तीसवाल्या सप्लायला हसत-खेळत जमायला हवं.

तक्रार सुरुवातीला एकच होती, पंखा. लोड वाढला की तो जो सुटतो, तो थेट टॉप गिअरमध्ये. रात्री अकराला हळू सिग्नल ऐकत बसलोय आणि टेबलावर पिठाची गिरणी चाललीये. म्हणून डिसेंबरात मी डबा टेबलावरून उचलून खिडकीशी स्टुलावर नेऊन ठेवला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारीत पहिला झटका. एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) जरा जोरात बोललो की रेडिओ बंद होऊन परत चालू व्हायचा. पुढच्या पॅनेलवर मीटर पाहावा तर १३.८, हलायलाही तयार नाही. संध्याकाळी आमच्याकडे मेन्स, म्हणजे घरची वीज, १९० व्होल्टवर उतरतात, म्हणून आधी तेच कारण धरलं. पण दुपारी २३० असतानाही तेच. मग मागचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून १४.६ केला. रेडिओला वर-खाली १५ टक्के चालतं, म्हणजे ११.७३ ते १५.८७, तेव्हा नियमात बसत होतं. रेडिओ बंद पडायचा थांबला. मी स्वतःची पाठ थोपटली.

एप्रिलमध्ये एफटी८ चं, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल मोडचं, वेड लागलं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, त्यात बोलण्यासारखं मधे श्वास घेणं नाही. १५ सेकंदांच्या खणात १२.६४ सेकंद सलग ट्रान्समिट, मग एक खण ऐका, परत १२.६४. बहुतेक शहाणे लोक ३०-४० वॅटवर करतात. मी शंभरवर करत होतो, कारण परवान्यात बसतंय तर का नाही.

९ मे, रात्री साडेनऊ. जळक्या प्लॅस्टिकचा वास. मागे हात लावला तर लाल टर्मिनलचा नट मऊ पडून एका बाजूला कललेला, कुल्फी कलते तसा. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी, काळंनिळं. काळा नट मात्र जसाच्या तसा.

आता या नटाबद्दल. साडेनऊ हजारांच्या वस्तूत, जिथून अख्खे ३० अँपियर बाहेर पडणार आहेत, तिथे कंपनीने वीस रुपयांचा प्लॅस्टिकच्या टोपीचा नट लावलाय. आत पितळेचं बूच आहे, पण आटे इतके सैल की नट शेवटच्या आट्यालाही डुगडुगतो. खाली स्प्रिंग वॉशर नाही. साधा वॉशर आहे, तो रुपयाच्या नाण्याएवढा पातळ. तापला की पसरतो, निवला की आकसतो, आणि दर खेपेला चिमूटभर ढिला होतो. मी महिन्यातून दोनदा आवळत होतो. पाना लावावा तर टोपी फिरते, बूच जागेवर. मी या नटावर दोन रात्री घालवल्या आहेत. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर लावून एक टोक आतल्या दांड्यावर, दुसरं थिंबलवर, आणि ट्रान्समिट: ३१० मिलिव्होल्ट. २० अँपियरने गुणा. सहा वॅट. जुना तारेचा झिरोचा बल्ब बारा-पंधरा वॅट खातो, त्याच्या निम्मी उष्णता एका नटाखाली कोंडलेली.

सर्व्हिस सेंटरला फोन. “साहेब, डबा पाठवा.” कुरियर ६४० रुपये, माझ्या खिशातून. बारा दिवस काही नाही. मग मेल: फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, ३५० रुपये. मी म्हटलं, तुमचा नट वितळला, मी काय मेणबत्ती लावली होती? चार फोन, शेवटी साडेतीनशे माफ. ३१ मेला डबा परत. सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. २५ अँपियर लोडवर एक तास, १३.७८ व्होल्ट. नट बदललेला, पुन्हा तसलाच! आणि माझा १४.६ चा पॉट परत १३.८ वर आणून ठेवलेला, न विचारता.

लावला. हॅलो म्हटलं. रेडिओ बंद.

पैसे गेले, एकोणीस दिवस गेले, आणि डबा होता त्याहून वाईट होऊन आला. घेऊ नका.

२८ जून

वरचं शेवटचं वाक्य मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं.

आमच्याकडे एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त, माझ्या जन्माआधीपासून हॅम रेडिओवर. चहाला आले, मी चिठ्ठी दाखवली, नटाची कथा सांगितली. ते मधेच म्हणाले, “मीटर कुठी लावलं होतं?” म्हटलं, पॅनेलवर आहे की. “पॅनेलवरचं डब्याचं पोट सांगते. रेडिओच्या तोंडात किती पडते ते पाह्यलं का? पयले वायर पाह्य बाप्पा, मंग सप्लायले शिव्या दे.”

दोन मल्टीमीटर. एक डब्याच्या टर्मिनलच्या दांड्यांवर, दुसरा रेडिओच्या मागच्या प्लगवर. सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर) की दाबून धरली. डब्याकडे १३.८. रेडिओकडे ११.६, आणि लगेच पडदा.

दोन व्होल्ट आणि वर थोडे, वाटेत गेले.

आता कबुली. सेकंडहँड रेडिओची केबल वीतभर ठेवून कापलेली होती. कंपनीची केबल महाग, म्हणून मी घराच्या वायरिंगमधून उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर जोडली होती. टेबलावर डबा होता तेव्हा ती एक मीटर होती. डिसेंबरात पंख्याच्या आवाजाला कंटाळून डबा खिडकीशी नेला, तेव्हा ती तीन मीटर झाली. जायची तीन, यायची तीन, सहा मीटर. त्या जाडीच्या तांब्याला मीटरमागे १२ मिलिओहम रोध, म्हणजे सगळे मिळून ७२. २० अँपियरला जवळजवळ दीड व्होल्ट. भर उन्हाळ्यात वायर तापली की अजून, कारण तांबं दर अंशामागे ०.३९ टक्क्याने अडेल होत जातं. दोन्ही वायरींत एकेक काचेच्या फ्यूजचा होल्डर होता, मोटारसायकलच्या दुकानातला. दोघांनी मिळून ०.४ खाल्ले. नटाचे ०.३१ त्यात धरा. हिशेब जुळला, काका म्हणाले, “झालं.”

दोन व्होल्ट गुणिले वीस, चाळीसच्या वर वॅट मी वाटेत जाळत होतो. ‘चूल’ घरातून गेली म्हणून खूश होतो, ती सतरंजीखालून लांब पसरली होती.

आणि पॉट फिरवून मी काय केलं होतं? फेब्रुवारीत रेडिओ बंद पडत होता म्हणजे स्वतःला वाचवत होता. १४.६ दिल्यावर त्याला ट्रान्समिटमध्ये साडेबारा मिळायला लागले, तो निवांत पूर्ण करंट ओढत राहिला, आणि एफटी८ च्या सलग मारात सगळ्यात कच्चा सांधा वितळला. रिसीव्हवर तर ड्रॉपच नसतो, तेव्हा पूर्ण १४.६ आत जात होते. फायनलला (रेडिओच्या शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरांना) काही झालं नाही हे नशीब. एरवीही शंभर वॅट बाहेर काढताना हा रेडिओ पावणेतीनशे आत घेतो, मधले पावणेदोनशे त्याच्या पाठीवरून निघतात. वर मी अजून ओतत होतो.

मग फक्त लाल नटच का वितळला, काळा का नाही? हे मला दोन आठवडे झोपू देत नव्हतं. करंट दोघांतून सारखाच. उत्तर थिंबलवरच्या पांढुरक्या-हिरव्या थरात होतं. एप्रिलपासून खिडकीत कूलर बसतो. मला वाटलं डब्याला गार हवा मिळेल, म्हणून स्टूल बरोब्बर त्याच्या तोंडापुढे. अकोल्याचा हा भाग खारपाण पट्टा. बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं की खसवर आठवड्यात मिठाची साय धरते. तेच तुषार हवेबरोबर डब्याच्या पाठीवर, आणि लाल टर्मिनल कूलरच्या बाजूचं. काळ्याला आडोसा मिळाला.

थिंबल बदललं, दांडा बारीक पॉलिश पेपरने घासला, तोच तसला नट आवळला. ३१० चे ४० मिलिव्होल्ट झाले. म्हणजे नट वाईट आहे, पण सहा वॅटचा गुन्हा त्याच्या एकट्याचा नव्हता. स्प्रिंग वॉशर न घालणं हे मात्र मी माफ करणार नाही. दोन रुपयाला मिळतो तो!

नवी केबल: सहा स्क्वेअर एमएम, दीड मीटर, बॅटरीवाल्याकडे थिंबल दाबून घेतलं, ब्लेड फ्यूजचे दोन होल्डर. ५४० रुपये. कुरियरच्या एका खेपेपेक्षा शंभर कमी, हे मला जास्त लागलं. आता पूर्ण ताकदीवर रेडिओच्या तोंडाशी १३.२. आवाज स्वच्छ झालाय असं पुण्याचा एक जण म्हणाला. आधी माझा आवाज जोरात बोलताना “खरखरतो” म्हणायचा, मी माईकला दोष द्यायचो. एफटी८ चाळीस वॅटवर आणलं, आणि खरं सांगतो, कॉल तेवढेच परत येतात.

डबा परत टेबलावर आला. पंखा आहे तसाच आहे. मागच्या जाळीतून कापसाची पिंजण निघाली, जिनिंग जवळ असलं की हे होतंच. ब्रशने झाडली, तरी पहिला गिअर त्याला माहीतच नाही. आता मी हेडफोन लावतो.

लाल-काळे दोन्ही नट मात्र काढून टाकले. जागेवर पितळेचे सहा एमएमचे बोल्ट, दुहेरी नट, स्प्रिंग वॉशर. त्यासाठी झाकण उघडावं लागलं, स्टिकर फाटला, वॉरंटीचे पाच महिने गेले.

परवा कस्टमर केअरचा मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे? तीन दिले. एक नटाचा कापला, एक कुरियरचा.