ड्यूटीवरचे कॉम्प्रेशन मोजे: कामाचे आहेत, पण माप घेऊनच घ्या

नर्सची बारा तासांची ड्यूटी संपताना घोट्याशी साध्या मोज्याचा खोल वळ दिसतो, पोटऱ्या दगडासारख्या होतात. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा ट्रॉलीपाशी नुसतं उभं राहिलं की तो पंप थंडावतो. कॉम्प्रेशन मोजे घोट्याला जास्त आणि वर कमी कमी दाब देऊन ही कसर थोडी भरून काढतात.

नर्सिंग ड्यूटीसाठी गुडघ्याखालचे क्लास 1, म्हणजे हलक्या दाबाचे (18 ते 21 मिमी पारा) पुरतात. त्याहून घट्ट क्लास 2 डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आणि वॉर्डातले पांढरे डीव्हीटी (पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालतात ते) मोजे उचलून घालू नका. ते पडून असलेल्या पेशंटसाठी असतात, उभ्या माणसाला त्यांचा दाब पुरत नाही.

तक्रारी बहुतेक मापाच्या. दुकानदार चपलेचा नंबर विचारून पाकीट पुढे करतो, तिथेच घोळ होतो. सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना, घोट्याचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर टेपने मोजा. लांब झाला म्हणून वरचा काठ दुमडलात, तर तिथे दुप्पट दाब पडतो आणि मोजा दोरीसारखा आवळतो. जोडवी घालणाऱ्यांनी उघड्या बोटांचा घ्यावा. पैंजण मात्र काढायलाच हवेत.

घालताना टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल सरकवा, टाच नीट बसवा, मग थोडा थोडा वर घ्या. काठ धरून ओढला की धागा जातो. रबरी ग्लोव्ह्ज घातले तर पकड छान येते, आणि ते आपल्याकडे कमी नाहीत!

मे महिन्यात घामाने खाज सुटते. त्यातल्या त्यात सुती मिश्रण सुसह्य. आतून तेल किंवा क्रीम चोळू नका, इलॅस्टिक सैल पडतं. रोज हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. म्हणून दोन जोड लागतात, आणि साधारण सहा महिन्यांनी बदलावे लागतात. खर्चाचा खरा हिशेब हा.

पायाच्या धमन्यांचा आजार असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. एकाच पोटरीत अचानक सूज आणि दुखणं आलं तर मोजा चढवून ड्यूटी रेटू नका, तपासून घ्या.

पेशंट उचलून धरलेली कंबर आणि डबल ड्यूटीचा ताण यांवर मोज्यांचा काही उपयोग नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, हा नर्सिंग कौन्सिलचा निकष कुठल्याही मेडिकलमध्ये विकत मिळत नाही.